प्राचीन ग्रीकचं हायफनेशन: शब्द कुठे तोडायचा हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: डाव्या पानावर प्राचीन ग्रीक गद्य, उजव्या पानावर भाषांतर, स्तंभ अरुंद. भाषा ‘ग्रीक’ निवडली आहे, हायफनेशन चालू आहे. तरीही काही परिच्छेदांत एकही शब्द तुटत नाही आणि ओळींत मोठाल्या फटी पडतात. बाकीच्या ठिकाणी शब्द तुटतात, पण ‘प्रोसेखो’ हा शब्द ‘प्रो-सेखो’ असा तुटलेला पाहून संपादक लाल खूण करून प्रूफ परत पाठवतात. मग सगळे हायफन हातानेच घालावेत का?

हाताने घालू नका. पुढच्या प्रूफात दोन शब्द इकडेतिकडे झाले की ती सगळी मेहनत पाण्यात जाते. तुमच्या तक्रारीत दोन वेगवेगळे दोष आहेत. शब्द न तुटणं हा बहुतेक वेळा मजकुराचा, म्हणजे अक्षरांच्या कोडिंगचा दोष असतो. चुकीच्या जागी तुटणं हा भाषेची चुकीची शाखा निवडल्याचा दोष असतो. दोन्ही एकाच सेटिंगने सुटतील अशा आशेने लोक दिवसचे दिवस घालवतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एक खुलासा आधी. ग्रीक शब्द मी इथे नागरीत लिहितोय. क्सी आणि प्सी ही ग्रीकमधली एकेक अक्षरं आहेत. नागरीत ती ‘क्स’, ‘प्स’ अशी दोन व्यंजनांची दिसली तरी त्यांच्या मधोमध हायफन येऊ शकत नाही.

आधी नियम. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी संपादकाबरोबर बसून हे कागदावर ठरवून घ्या, कारण प्राचीन ग्रीक तोडण्याची एकच एक रीत नाही. छापील ग्रंथांत साधारण रूढ असलेली रीत अशी: दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराबरोबर जातं. व्यंजनांचा जो गट एखाद्या ग्रीक शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकतो तो न तोडता पुढे जातो. स्पर्श व्यंजनानंतर म किंवा न आला तर तो गटही अखंड पुढे जातो: प्रा-ग्मा, ए-थ्नोस, ते-ख्ने. (हा शेवटचा शब्द म्हणजे कला, कौशल्य, टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचं नाव यावरूनच आलं आहे.) ‘म्न’सुद्धा तुटत नाही: लि-म्ने. बाकीचे गट तुटतात: एल्-पिस, एर्-गोन, था-लात्-ता. महाप्राण व्यंजनाचं द्वित्त ग्रीकमध्ये वेगळं लिहितात, पहिलं अल्पप्राण आणि दुसरं महाप्राण, आणि तेही मधोमध तुटतं: साप्-फो, बाक्-खोस.

इथवर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो ‘स’पासून. ‘आरिस्तोस’ हा शब्द आ-रि-स्तोस तोडायचा की आ-रिस्-तोस? दोन्ही रीती छापील पुस्तकांत सापडतात आणि दोन्हींना आधार आहे. मराठी वाचकाला हे पटकन कळेल. ‘पुस्तक’ आपण लिहितो तेव्हा ‘स्त’ हे जोडाक्षर पुढच्या स्वराचं असतं. वृत्तात बसवताना मात्र ‘पु’ गुरू धरतो, कारण उच्चारात ‘स्’ मागे रेलतो. लिहिण्याचा हिशेब एक, मात्रांचा हिशेब दुसरा. ग्रीकमध्ये अगदी हेच दोन हिशेब शेजारी शेजारी चालतात. ‘आस्त्रोन’ ओळीच्या शेवटी आ-स्त्रोन तुटतो, पण छंदात त्याचा पहिला अवयव (म्हणजे सिलेबल) गुरूच असतो. संपादक छंदशास्त्राकडून आलेला असेल तर तो आस्-त्रोन मागेल. तो चुकीचा नाही, फक्त दुसरा हिशेब मांडतोय. तुम्ही एक रीत धरा आणि पुस्तकभर पाळा.

त्याहून मोठा प्रश्न सामासिक शब्दांचा, आणि तुमचा ‘प्रोसेखो’ इथेच अडकला आहे. प्राचीन ग्रीकच्या छपाईत उपसर्ग आणि मूळ शब्द यांच्या सांध्यावर तोडतात. ‘प्रोस’ अधिक ‘एखो’, म्हणून प्रोस्-एखो. तसंच एइस्-ओदोस, सिन्-आगो, एक्स्-आगो. आधुनिक ग्रीकमध्ये हा सांधा पाळत नाहीत. शब्द एकसंध मानून प्रो-सेखो, एइ-सोदोस असाच तोडतात. म्हणजे तुमचं यंत्र चुकत नाहीये. ते आधुनिक ग्रीक बरोबर तोडतंय, आणि तुमचा मजकूर आधुनिक ग्रीक नाही.

हे ओळखायची आणखी एक सोपी खूण आहे. ‘पेन्ते’, म्हणजे पाच. प्राचीन रीतीने तो पेन्-ते तुटतो. आधुनिक ग्रीकच्या शालेय व्याकरणात ‘न्त’, ‘म्प’, ‘ग्क’ या जोड्या ड, ब, ग या एकेका ध्वनीसाठी लिहितात म्हणून त्या तोडत नाहीत; तिथे पे-न्ते. प्राचीन मजकुराच्या प्रूफात ओळीच्या शेवटी नुसतं ‘पे-’ दिसलं की समजा, आधुनिक शाखा चालू आहे. मी कोणाचंही ग्रीक प्रूफ हातात घेतलं की आधी अशा जोड्या शोधतो.

आता शाखा कशी निवडायची. संगणकाच्या दृष्टीने ग्रीक ही एक भाषा नाही. १९८२मध्ये ग्रीसने लिखाणासाठी एकाच आघातचिन्हाची पद्धत स्वीकारली, तेव्हापासून आधुनिक ग्रीकची एकचिन्ही आणि बहुचिन्ही अशी दोन रूपं वेगळी धरावी लागतात. प्राचीन ग्रीक ही तिसरी. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत आधुनिक ग्रीकला ‘ईएल’ आणि प्राचीन ग्रीकला ‘जीआरसी’ असा स्वतंत्र संकेत आहे. लाटेकमध्ये, म्हणजे टेकवर उभ्या असलेल्या मांडणीप्रणालीत, पॉलीग्लॉसिया हे भाषांचं पॅकेज वापरत असाल तर ग्रीक निवडताना ‘व्हेरियंट’ या पर्यायाला ‘एन्शंट’ ही किंमत द्यावी लागते. काहीच दिलं नाही तर एकचिन्ही आधुनिक ग्रीक गृहीत धरलं जातं. बॅबल या दुसऱ्या भाषा-पॅकेजमध्येही मूळ सेटिंग एकचिन्हीच आहे. तिथे ग्रीक भाषेला ‘एन्शंट’ हे अ‍ॅट्रिब्यूट जोडायचं. ‘पोलुटोनिको’ नावाचं अ‍ॅट्रिब्यूट पाहून अनेकजण तेच घेतात, कारण आपल्या मजकुरात आघातचिन्हं भरपूर असतात. पण ते बहुचिन्ही आधुनिक ग्रीक आहे. चिन्हं बरोबर दिसतील, तोड मात्र आधुनिक होईल.

छोटं इन्स्टॉलेशन असेल तर आणखी एक गोष्ट बघा. टेक लाइव्ह या टेकच्या तयार संचात ग्रीक आणि प्राचीन ग्रीक यांचे हायफनेशनचे पॅटर्न वेगवेगळ्या पॅकेजांत आहेत. ते बसवलेले नसतील तर लॉगमध्ये एक इशारा येतो, पान मात्र बिनतक्रार तयार होतं आणि ग्रीक शब्द एकही तुटत नाही. लॉग वाचायची सवय लावून घ्या.

पॅटर्न म्हणजे नेमकं काय, हे समजलं की पुढची दुरुस्ती स्वतः करता येते. १९८३मध्ये स्टॅनफर्डमध्ये फ्रँकलिन लिआंग यांनी आपल्या प्रबंधात ही पद्धत मांडली, आणि आज टेकपासून लिबरऑफिसपर्यंत बहुतेक ठिकाणी तीच चालते. यात शब्दांचा कोश नसतो. अक्षरांचे छोटे तुकडे असतात आणि अक्षरांच्या मधल्या जागांवर आकडे असतात. विषम आकडा म्हणजे इथे तोडायला हरकत नाही, सम आकडा म्हणजे इथे तोडू नका. एकाच जागेवर अनेक तुकडे आकडे ठेवतात, त्यांतला सर्वांत मोठा जिंकतो. तुकड्याच्या टोकाला टिंब असेल तर तिथे शब्द सुरू किंवा संपलेला असला पाहिजे.

दोन शब्द घेऊन बघू. ‘अनागो’, म्हणजे वर नेणे, आणि ‘अनाग्के’, म्हणजे अपरिहार्यता. पहिल्यात ‘अना’ हा उपसर्ग आणि ‘आगो’ हे क्रियापद आहे, म्हणून तोड अन्-आ-गो. दुसऱ्याला सांधा धरत नाहीत, म्हणून अ-नाग्-के. सुरुवातीची चार अक्षरं दोन्हींत तीच आहेत, दुसऱ्या अल्फावर आघातही दोन्हींत आहे. आघात असलेला अल्फा मी ‘आ’ लिहितोय.

सर्वसाधारण पॅटर्न म्हणतो, स्वरानंतर १. म्हणजे पहिला शब्द होतो: अ १ न् आ १ ग् ओ. एवढंच असतं तर अ-ना-गो तुटला असता. आता सामासिक शब्दासाठी दुसरा पॅटर्न घाला: टिंब, अ २ न् ३ आ ग् ओ. ‘अ’ आणि ‘न्’ यांच्या मध्ये १ विरुद्ध २, दोन जिंकला, सम आहे, तोड बंद. ‘न्’ आणि ‘आ’ यांच्या मध्ये ३, विषम, तोड खुली. निकाल: अन्-आ-गो. ‘अनाग्के’ला हा पॅटर्न लागतच नाही, कारण तिथे ‘ग्’नंतर ‘ओ’ नाही, ‘क्’ आहे. त्याच्यासाठी ‘ग्’ आणि ‘क्’ फोडणारा पॅटर्न असतो: २ ग् १ क्. म्हणून अ-नाग्-के.

आता मेख लक्षात येईल. मी वर ‘आ ग् ओ’ लिहिलं ते फक्त एका रूपासाठी. क्रियापद चाललं की ‘ग्’नंतर ए, एइ, ओ, ओउ असे निरनिराळे स्वर येतात. भूतकाळात आघाताचा ‘आ’ जाऊन तिथे ‘ए’ येतो. नाम झालं की आघात सरकून शेवटी जातो आणि मधला अल्फा साधा उरतो. आणि संगणकाला साधा अल्फा आणि आघाताचा अल्फा ही दोन पूर्ण वेगळी अक्षरं आहेत. प्राचीन ग्रीकमध्ये लहान अल्फाची किती रूपं होतात मोजून पाहा: श्वासचिन्ह (शब्दारंभीच्या स्वरावरची खूण) नाही, मृदू किंवा कठोर, असे तीन पर्याय, आघात नाही, तीव्र, गुरू किंवा वलयांकित, असे चार, ही झाली १२. त्या प्रत्येकाखाली इओटा हे अक्षर छोटं करून येऊ शकतं, म्हणून २४. एका स्वराची २४ रूपं, तीही ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा न धरता. म्हणून प्राचीन ग्रीकचे पॅटर्न बनवणं हे खरोखर कष्टाचं काम आहे. आज टेकमध्ये आपण जे वापरतो ते दिमित्रिओस फिलिप्पू यांनी केलेलं आहे. २००४मध्ये ग्रीसमधल्या क्सान्थी इथे झालेल्या टेक वापरकर्त्यांच्या परिषदेत त्यांनी प्राचीन आणि आधुनिक ग्रीकच्या पॅटर्नांवर निबंध सादर केला होता. पुढे सर्व भाषांचे पॅटर्न युनिकोडमध्ये एकत्र आणण्याच्या प्रकल्पात हेही आले. या माणसाने उपसर्गांचा किती विचार केला आहे ते फाइल उघडून नुसतं वर-खाली पाहिलं तरी कळतं. जरूर पाहा.

पण कोणतेही पॅटर्न घेतले तरी प्रत्येक सामासिक शब्द त्यांत बसणार नाही. तुमच्या लेखकाची शब्दसंपदा तुमच्याच हातात असते. लुआटेक हे टेकचं इंजिन वापरत असाल तर पॅटर्न काम चालू असतानाच वाढवता येतात आणि बॅबलमध्ये त्यासाठी ‘बॅबलपॅटर्न्स’ ही आज्ञा आहे. झीटेक या दुसऱ्या इंजिनात पॅटर्न फॉरमॅट बनतानाच आत जातात, नंतर बदलता येत नाहीत. तिथे अपवादांची यादीच द्यावी लागते, आणि अपवादात प्रत्येक रूप वेगळं, प्रत्येक चिन्ह अचूक लिहावं लागतं. एकेका ग्रीक क्रियापदाची शेकडो रूपं होतात. म्हणून मोठ्या प्राचीन ग्रीक पुस्तकासाठी मी लुआलाटेकच (लुआटेकवर चालणारं लाटेक) घेतो, त्यात दुसरा विचार करत नाही.

आता पहिला दोष, शब्द न तुटण्याचा. हा मी स्वतः भोगला आहे. एका पुस्तकाचा मजकूर दोन फायलींत आला होता, दोन वेगळ्या व्यक्तींनी टाइप केलेला. पहिला अर्धा भाग सुंदर बसला. दुसऱ्या अर्ध्यात शब्द तुटेनात, ओळी दात पडल्यासारख्या दिसत होत्या. पडद्यावर दोन्ही भागांतली अक्षरं हुबेहूब सारखी. मी दोन दिवस पॅटर्नना दोष देत बसलो. शेवटी एका शब्दात आघाताच्या अल्फापुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा दाबली. पूर्ण अक्षर जाण्याऐवजी फक्त आघात गेला, अल्फा तसाच राहिला. तेव्हा कळलं: या फायलीत अल्फा वेगळा आणि आघात त्याच्यावर ठेवलेलं सुटं चिन्ह होतं. पॅटर्न तयार, एकजीव अक्षरांसाठी लिहिलेले असतात. सुटं चिन्ह मध्ये आलं की अक्षरांची साखळी तुटते आणि पॅटर्न जुळतच नाही.

युनिकोडमध्ये बहुचिन्ही ग्रीकसाठी ‘ग्रीक एक्स्टेंडेड’ नावाचा २५६ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे, त्यात ही तयार अक्षरं आहेत. उपाय एकच: मजकूर जुळणीला घेण्यापूर्वी तो ‘एनएफसी’ या, अक्षर आणि चिन्ह एकजीव करणाऱ्या, प्रमाण रूपात आणा. पायथनमध्ये हे एका ओळीचं काम आहे. झीटेकमध्ये आत येणारा मजकूर आपोआप प्रमाण करण्याचं सेटिंगही आहे, पण मी ते काम फाइलवरच करून टाकतो, म्हणजे शोधतानाही तोच मजकूर सापडतो. हे केल्यावर दोनतीन गोष्टी बदललेल्या दिसतील, त्यांना घाबरू नका. युनिकोडमध्ये तीव्र आघाताच्या स्वरांचे दोन संच आहेत, एक आधुनिक ग्रीकचा ‘टोनोस’ आणि एक जुना ‘ओक्सिया’. प्रमाण रूपात दोन्हींचा टोनोसच होतो, कारण युनिकोड त्यांना एकच मानतं. ग्रीक प्रश्नचिन्हाचा अर्धविराम होतो, कारण आकार तोच आहे. फॉन्ट नीट केलेला असेल तर पानावर काहीच फरक दिसत नाही. दिसला, म्हणजे टोनोस उभा आणि ओक्सिया तिरका असा, तर फॉन्ट बदला. ग्रीक फॉन्ट सोसायटीचे बहुचिन्ही फॉन्ट या कामी चांगले आहेत.

एक मर्यादा मात्र आहे. ऱ्हस्वदीर्घाची आडवी खूण आणि तिच्यावर आघात, अशा जोडीसाठी तयार अक्षरच नाही. कोश किंवा व्याकरणाच्या पुस्तकात अशी अक्षरं येतात. तिथे हाताने ऐच्छिक हायफन (ओळीच्या शेवटी आला तरच उमटणारा) घालणं भाग आहे, आणि अशा मोजक्या शब्दांना ते घालावेतच.

लोपचिन्हाचाही असाच घोळ असतो. ‘अल्ला’चा शेवटचा स्वर गळून ‘अल्ल’’ होतो, ‘एपेइता’चं ‘एपेइत’’. हे चिन्ह कोणी साध्या अपॉस्ट्रॉफीने लिहितं, कोणी वळणदार अवतरणाने, कोणी ग्रीक पट्ट्यातल्या ‘कोरोनिस’ या खुणेने, कोणी मृदू श्वासचिन्हाच्या सुट्या रूपाने. एका पुस्तकात चारही सापडलेली पाहिली आहेत. एकच ठेवा, मी वळणदार अवतरण ठेवतो. स्वर गळाल्यावर उरलेलं व्यंजन एकट्याने पुढच्या ओळीवर जाता कामा नये: ए-पेइत’ चालेल, एपेइ-त’ चालणार नाही, आणि ‘अल्ल’’ तर तोडायचाच नाही.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. पपायरसवर लिहिणारे लेखनिक इथे अगदी उलट वागत. शब्दांमध्ये जागाच सोडत नसत, त्यामुळे त्यांना अवयव दिसे, शब्दाची हद्द नव्हे. ‘ओउक एस्तिन’ हे ते खुशाल ‘ओउ’वर ओळ संपवून ‘केस्तिन’ पुढच्या ओळीत लिहीत. हायफनची खूणही नसे. दगडावरच्या ‘स्टोइखेडॉन’ पद्धतीच्या लेखांत तर अक्षरं चौकटींत एकाखाली एक बसवलेली असत, ओळ भरली की शब्द कुठेही तुटे. तेव्हा ‘प्राचीन लोक असंच तोडत’ हा आधार कोणी दिला तर कोणते प्राचीन, कशावर लिहिणारे, हे विचारून घ्या. आपण पाळतो तो छापील पुस्तकांचा नियम आहे.

किमान अक्षरांचं सेटिंग, म्हणजे तोडीच्या दोन्ही बाजूंना कमीत कमी किती अक्षरं हवीत. टेकमध्ये ग्रीकसाठी डावीकडे १ आणि उजवीकडे १ असं ठेवलेलं असतं, म्हणजे ओळीच्या शेवटी एकटा अल्फा आणि हायफन येऊ शकतो. व्याकरणाला धरून आहे, पण डोळ्याला खुपतं. मी दोन्हीकडे २ ठेवतो. हे करताना एक चूक सर्रास होते: दस्तऐवजाच्या सुरुवातीला किंमत बदलतात आणि काहीच घडत नाही. कारण भाषा बदलली की त्या भाषेची स्वतःची जोडी पुन्हा लागू होते. बदल भाषेच्या जोडीतच करायला हवा. बॅबलमध्ये प्रत्येक भाषेच्या नावाची अशी जोडी असते.

इओटाकडे लक्ष द्या. काही संपादक अक्षराखालचा छोटा इओटा न लिहिता तो शेजारी पूर्ण अक्षर म्हणून लिहितात. मोठ्या अक्षरांत तर तो बऱ्याचदा शेजारीच येतो, जसं ‘हाइदेस’ या नावाच्या सुरुवातीला. तिथे आघात आणि श्वासचिन्ह पहिल्या स्वरावर असतं. एरवी संयुक्त स्वरात ही चिन्हं दुसऱ्या स्वरावर येतात, त्यामुळे पहिल्यावर चिन्ह दिसलं की दोन स्वर वेगळे आहेत असा समज होण्याचा धोका असतो आणि इओटा सुटा पडू शकतो. तुमचा संपादक ही लेखनपद्धत वापरत असेल तर असे दहा-वीस शब्द काढून आधी चाचणी घ्या. खरोखर सुटे असलेले स्वर दोन टिंबांनी दाखवतात, त्यांची काळजी पॅटर्न घेतात. फक्त टाइप करणाऱ्याने टिंबं गाळलेली नकोत.

हस्तलिखितांवरून केलेल्या संहितेत शब्दाच्या पोटातच चौकोनी कंस येतात: हरवलेली अक्षरं संपादकाने भरली हे दाखवणारे, १९३१च्या लायडन संकेतांनुसार. टेक कंसापर्यंतचा तुकडाच शब्द समजतो आणि कंसानंतरचा भाग तोडायच्या विचारात घेत नाही. अशा शब्दांत ऐच्छिक हायफन हातानेच. आणि एका शब्दात एक जागा दाखवलीत तर उरलेल्या योग्य जागाही दाखवा, कारण टेक मग फक्त दाखवलेल्याच जागा बघतं.

इनडिझाइनमध्ये काम करणाऱ्यांसाठी थोडंसं. तिथे ‘ग्रीक’ म्हणून जे मिळतं ते आधुनिक ग्रीक. हनस्पेल या शब्दतपासणीच्या प्रणालीच्या मांडणीतली प्राचीन ग्रीकची हायफनेशन फाइल जोडता येते, पण ती प्रत्येक संगणकावर आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत पुन्हा जोडावी लागते. त्यापेक्षा मला खात्रीचा वाटतो तो मार्ग असा: लिआंगची पद्धत तीस-चाळीस ओळींच्या पायथन स्क्रिप्टमध्ये मावते. प्राचीन ग्रीकचे पॅटर्न तिला द्या आणि मजकूर आत घेण्यापूर्वीच प्रत्येक योग्य जागी ऐच्छिक हायफन घालून घ्या. ओळीच्या मध्ये ते दिसत नाहीत, शेवटी आले तरच उमटतात. त्यानंतर त्या मजकुराच्या कॅरेक्टर स्टाइलमध्ये भाषेचं स्वयंचलित हायफनेशन मध्ये पडणार नाही हे बघा. ग्रीक शब्द भाषांतराच्या पानांवरही विखुरलेले असतील तर ग्रेप स्टाइलने ग्रीक अक्षरांचा पट्टा पकडून ती स्टाइल आपोआप लावता येते. लुआलाटेकमध्ये बॅबल हेच काम अक्षर पाहून करू शकतं.

ई-पुस्तकासाठीही ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. भाषेचा संकेत ‘जीआरसी’ जरूर लिहा, पण तोडीसाठी तेच ऐच्छिक हायफन घाला. त्याची किंमत एवढीच की वाचकाने मजकूर कॉपी केला तर अदृश्य हायफन बरोबर जातात आणि शब्द शोधताना काही ठिकाणी अडचण येते. म्हणून मूळ फाइल नेहमी स्वच्छ ठेवा आणि हायफन घातलेली प्रत वेगळी तयार करा.

चाचणीची माझी रीत. पन्नास-साठ शब्दांची यादी बाळगतो: वर आलेले सगळे, शिवाय ‘होस्-तिस’ आणि ‘तोउस्-दे’सारखे जोडशब्द, ‘दिस्-’ आणि नकारार्थी ‘अन्-’ने सुरू होणारे, आणि ‘अ-नेर’सारखे, जे त्यांच्यासारखे दिसतात पण सामासिक नाहीत. प्रत्येक शब्द शून्य रुंदीच्या चौकटीत टाकायचा, म्हणजे जिथे जिथे तुटू शकतो तिथे तुटून एकाखाली एक अवयव दिसतात. एक ध्यानात ठेवा: परिच्छेदातला पहिला शब्द टेक मुळात तोडत नाही, म्हणून शब्दाच्या आधी शून्य लांबीची मोकळी जागा द्या, नाहीतर काहीच तुटत नाही असं वाटून तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कराल. आणि पानं पक्की झाल्यावर पीडीएफमधून ओळीच्या शेवटी तुटलेले सगळे ग्रीक शब्द काढा, एकसारखे एकत्र करा, आणि ती यादी ग्रीक जाणणाऱ्या माणसाला वाचायला द्या. अख्खं पुस्तक पुन्हा तपासण्यापेक्षा ही यादी कितीतरी छोटी असते, आणि संपादकही ती आनंदाने वाचतात.

गद्यात मध्येच पद्याची अवतरणं असतील तर तिथे हायफनेशन पूर्ण बंद ठेवा. ओळ मावत नसेल तर उरलेला भाग खाली आत सरकवून बसवा. समूहगीतांत एका चरणातला शब्द पुढच्या चरणात वाहत जातो आणि तिथे संपादकाने स्वतः हायफन घातलेला असतो. तो छंदाच्या मोजणीचा आहे, वरच्या कोणत्याही नियमाशी जुळेलच असं नाही. तो जसाच्या तसा ठेवा, आणि स्क्रिप्टने तो काढून टाकला नाही ना, एवढं मूळ प्रतीशी ताडून बघा.